ओट्यावरचे शुभवर्तमान

गिरगावात विठ्ठलभाई पटेल रस्ता आणि जगन्नाथ शंकरशेट रस्ता यांच्या मधोमध असलेल्या खोताच्या वाडीत माणसे आता बहुधा घरे पाहायला जातात. लाकडी कठडे, कौलारू छपरे, बाहेरून चढणारे जिने, दोन माणसे जेमतेम शेजारून चालतील अशी गल्ली, असे छायाचित्रकाराला हवे ते सगळे तिथे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनमालकाच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घेतले आणि वाडीला त्याचेच नाव राहिले. वाडीबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक इथून सुरू होते आणि घरांच्या पडझडीपाशी संपते. घरांच्या या इतिहासात वाडीच्या धर्माचा इतिहास मात्र हरवतो. ‘पोर्तुगीज धाटणीच्या घरांत राहणारे कॅथलिक’ एवढ्या शब्दांत तो उरकला जातो. वास्तविक इथे पाहण्यासारखा एक मोठा प्रश्न आहे. रविवारी चर्चमध्ये ऐकलेले शब्द सोमवारच्या व्यवहारात, शेजाऱ्याशी, नोकराशी, भाडेकरूशी वागताना उतरावेत कसे? ख्रिस्ती जगाने या प्रश्नाला गेल्या तीन शतकांत पुन्हापुन्हा एकच उत्तर दिले आहे. दहा-पंधरा माणसांनी नेमाने एकत्र बसावे, शुभवर्तमानातला उतारा वाचावा, आपापल्या जगण्याशी तो ताडून पाहावा आणि काय करायचे ते ठरवावे. ही रीत मुंबईत परदेशातून आली, असे सरसकट म्हटले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. बोलण्याची रीत बाहेरून आली, बसण्याची जागा मात्र वाडीने आधीच तयार ठेवली होती. आणि गिरगावच्या दोनशे वर्षांच्या इतिहासाने दाखवलेली गोष्ट अशी, की हे बोलणे शेजाराला बांधलेले असते तेव्हाच टिकते.

आधी जागेकडे पाहू. वाडीतल्या जुन्या घराचा व्हरांडा, म्हणजे ओटा, थेट गल्लीवर उघडतो. तिथे बसलेला माणूस घरातही असतो आणि गल्लीतही. त्याला जाणारा-येणारा दिसतो, जाणाऱ्या-येणाऱ्यालाही तो दिसतो. अशा वस्तीत कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणाच्या घरात तीन दिवस बोलाचाली नाही, हे विचारावे लागत नाही. गल्लीतच क्रूस उभा असतो. मुंबईच्या ईस्ट इंडियन वाड्यांत आणि गावठाणांत असे क्रूस जागोजाग आहेत. त्यांतले कित्येक १८९६च्या प्लेगनंतर, साथ टळावी म्हणून किंवा टळली म्हणून उभारलेले आहेत. क्रुसासमोर मे महिन्यात, ऑक्टोबरात आणि सणाच्या आदल्या दिवसांत संध्याकाळी माणसे जमतात, रोझरी म्हणतात, लादीन गातात. लादीन हा पोर्तुगीज ‘लादाइन्या’चा आपल्या तोंडी रुळलेला शब्द. संतांची नावे एकाने घ्यायची आणि बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ अशा अर्थाची साथ द्यायची. शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. एक क्रूस, एक दिवा, वाडगाभर चणे आणि गल्लीतली माणसे, एवढ्यावर हा विधी उभा आहे.

या साध्या विधीची एक बाजू सहज नजरेतून सुटते: त्याला पाद्री लागत नाही. लादीन म्हणवून घेणारा वाडीतलाच कोणीतरी असतो, बऱ्याचदा एखादी वयस्क बाई. मुंबईच्या कॅथलिकांवर ही सवय इतिहासानेच लादली. १७२० साली इंग्रजांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटावरून घालवले आणि चर्चे कार्मेलाइट मिशनऱ्यांच्या हाती दिली. १७९४ मध्ये चर्चांची वाटणीच झाली. काही गोव्याच्या आर्चबिशपांच्या म्हणजे पाद्रोआदोच्या अधिकाराखाली गेली, काही रोमने नेमलेल्या व्हिकर अपोस्टोलिकच्या. शहर एक, श्रद्धा एक आणि अधिकारी दोन, असा हा प्रकार कोणत्या ना कोणत्या रूपात १९२८ पर्यंत चालला. १८५३ मध्ये तर माहीमच्या चर्चमध्ये रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन यांना विरोधकांनी कोंडून धरेपर्यंत मजल गेली. कोणाचा पाद्री खरा, या वादात दोन-तीन पिढ्या गेल्या. अशा काळात वाडीतल्या क्रुसापुढची प्रार्थना हीच अशी एक गोष्ट होती जिच्यासाठी कोणाच्याही सहीशिक्क्याची गरज नव्हती. आपल्या धर्मजीवनाचा एक भाग आपणच चालवायचा असतो, हे लोक तिथे शिकले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो. लादीन म्हणजे चर्चा नव्हे. शब्द ठरलेले, चाल ठरलेली, उत्तरही ठरलेले. भाषा तर पुष्कळ काळ लॅटिन, म्हणजे म्हणणाऱ्यालाही अर्थ कळेलच असे नाही. कोणी कोणाला प्रश्न विचारत नाही, कोणी ‘या वचनाचे माझ्या दुकानात काय करू?’ असे म्हणत नाही. मग याला गटचर्चेचा पूर्वज कसे म्हणायचे? आक्षेप मला मान्य आहे. चर्चा तिथे नव्हतीच. पण चर्चेच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो तो म्हणजे गट कोणाचा, आणि लादीनने तो सोडवून ठेवला होता. या वर्तुळात माणूस आवडीने निवडलेला नसतो. गल्लीने जो दिला तो घ्यावा लागतो. पाण्यावरून किंवा भिंतीवरून बोलणे तुटलेल्या दोन घरांना एकाच क्रुसासमोर उभे राहावे लागते आणि एकाच वाडग्यातले चणे घ्यावे लागतात. समविचारी मित्रांच्या मंडळात असा अवघड शेजार कधीच वाट्याला येत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करा ही आज्ञा शेजारी निवडण्याची मुभा देत नाही. क्रुसासमोरच्या वर्तुळालाही ती मुभा नव्हती.

गिरगावच्या आसपास याच साच्याचे दुसरे, अधिक घट्ट रूप होते ते गोवेकरांच्या कुडींचे. धोबीतलाव, काव्हेल, डाबूल, माझगाव या भागांत गोव्यातल्या एकेका गावाने आपली कूड उघडली होती. बोटीवर नोकरीला जाणारा खलाशी, स्वयंपाकी, बँडवाला, नोकरीच्या शोधात आलेला तरुण यांनी एका खोलीत ट्रंका लावाव्यात, चटई अंथरावी आणि दरमहा थोडे पैसे द्यावेत. खोलीत गावच्या संताची वेदी असे आणि रोज रात्री सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणावी असा नियम असे. कारभार सभासदांच्या सभेतून चाले. कोणाला बोट मिळाली नाही, कोण आजारी पडला, कोणाचे प्रेत पुरायचे आहे, हे प्रश्न त्याच खोलीत आणि त्याच माणसांपुढे येत. प्रार्थना आणि हिशेब एकाच छपराखाली होते. परक्या शहरात एकट्या माणसाच्या श्रद्धेला व्यवहाराचा आधार लागतो, हे कुडीइतके स्वच्छ कुठल्याच संस्थेत दिसत नाही. इथेही शब्द ठरलेलेच होते, पण त्या शब्दांनंतर कामे निघत.

प्रश्न विचारण्याची सवय आपल्या ख्रिस्ती परंपरेत अगदीच नव्हती, असेही नाही. १६१६ मध्ये छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ जवळजवळ ११,००० ओव्यांचे आहे. ते रचले गेले श्रोत्यांच्या मागणीतून. जुनी पुराणे सुटली, आता आम्ही वाचायचे काय, असा नवख्रिस्ती माणसाचा प्रश्न त्याच्या आरंभाशीच आहे. पुढेही मधून मधून श्रोते शंका काढतात आणि पाद्री उत्तर देतो. पुराण वाचणारा मध्ये आणि ऐकणारे भोवती, ही बैठक महाराष्ट्राला आणि कोकणाला शिकवावी लागली नाही. मात्र तिच्यात उत्तर देणारा एकच होता. श्रोत्याने श्रोत्याला सांगावे, एका गृहिणीने दुसरीला शुभवर्तमानातली गोष्ट आपल्या घरात कशी लागू पडली ते सांगावे, ही पायरी अजून पुढे होती.

ती पायरी गिरगावाने आधी चढून पाहिली ती वादाच्या मार्गाने. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. गिरगावातल्या आंब्रोळीत त्यांच्या मिशनचा तळ होता. १८३१च्या सुमारास त्यांचा मोरभट दांडेकर या हिंदू पंडिताशी जाहीर वाद झाला आणि दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. १८५७च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी उभे राहून मिशनऱ्यांशी आठवड्या-आठवड्याला वाद करीत आणि ऐकायला गर्दी लोटे. या वादांचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या विचारजीवनात या वादांना मोठे स्थान आहे. त्यांनी लोकांना धर्माची कारणे मागायला शिकवले, हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण रोजच्या जगण्यात श्रद्धा उतरवण्याच्या दृष्टीने ते निष्फळच म्हणावे लागतील. वाळूवरच्या गर्दीत माणूस जिंकायला उभा राहतो. ‘मला हे जमत नाही’ असे तो तिथे म्हणू शकत नाही. आणि श्रद्धेचे आचरण जवळजवळ नेहमी या कबुलीपासून सुरू होते.

याच बोवेन यांचे पुढचे आयुष्य या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटते. ते १८४८ मध्ये मुंबईत आले. थोड्याच काळात त्यांनी मिशनचे वेतन नाकारले आणि देशी वस्तीत, अत्यंत साध्या बिऱ्हाडात, स्वतः मिळवलेल्या तुटपुंज्या पैशांवर राहू लागले. ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र चालवले आणि १८८८ मध्ये मुंबईतच त्यांचा अंत झाला. चाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. नोव्हेंबर १८७१ मध्ये विल्यम टेलर हे अमेरिकन मेथॉडिस्ट प्रचारक मुंबईत आले तेव्हा बोवेन त्यांच्याबरोबर उभे राहिले. टेलर यांनी सभा घेतल्या, पण सभेत उठून उभ्या राहिलेल्या माणसांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी घराघरांत लहान मेळ जमवले. दर आठवड्याला कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसायचे, प्रत्येकाने आपला अनुभव आणि आपली अडचण सांगायची, मेळाचा पुढारी सामान्य नोकरदारच असायचा. हा साचा जॉन वेस्ली यांनी १७४२ मध्ये ब्रिस्टलमध्ये घातलेल्या बारा-बारा जणांच्या वर्गांचा होता. १८७२च्या सुरुवातीला या मेळांतल्या लोकांनीच आपले चर्च स्थापन करण्याची मागणी केली. म्हणजे मुंबईत मेथॉडिस्ट चर्च आधी दिवाणखान्यांत जन्मले आणि इमारत मागाहून आली. चौदा वर्षांपूर्वी चौपाटीच्या वादांचा वृत्तांत छापणारा माणूस शेवटी दहा जणांच्या खोलीत येऊन बसला. मात्र टेलर यांचे मेळ मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरदारांचे होते. एका भाषेने आणि एका पेशाने जुळलेली ही माणसे एका गल्लीत राहत होतीच असे नव्हते. चर्च उभे राहिल्यावर मेळांचे प्राण इमारतीत गेले.

शेजार नसला की काय होते, याची दोन उदाहरणे ख्रिस्ती चौकटीच्या काठावरच सापडतात. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापली. जातिभेद मोडण्याची शपथ घेतलेले हे सभासद ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन आपला निश्चय सिद्ध करीत. विचार धाडसी होता आणि कृतीही होती. पण सभा गुप्त होती. आपल्याच आळीपासून, आपल्याच घरच्यांपासून ती लपवावी लागे. १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली. तिच्या अनुभवातून शहाणे झालेल्यांनी ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज उघडपणे स्थापला. खोताच्या वाडीपासून चालत काही मिनिटांवरचा चौक आजही त्याच नावाने ओळखला जातो. दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे यात बंधू म्हणून एकत्र यावेत, परदेशी मिशनच्या छत्राखालून बाहेर पडून मराठी मातीत ही बंधुता रुजावी, हे त्यांचे स्वप्न होते. मराठी ख्रिस्ती इतिहासात याहून उमदी कल्पना मला दिसत नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार ओसरला. तो एका थोर माणसाच्या ओढीवर उभा होता. तो जाताच सभासद जिथले तिथे विखुरले, कारण रोज संध्याकाळी एकमेकांच्या दारावरून जाण्याचे कारण त्यांच्यापाशी नव्हते.

कॅथलिकांच्या बाजूने हाच प्रवास उशिरा, पण वेगळ्या वाटेने झाला. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेदेरिक ओझानाम हा विद्यार्थी एका वादमंडळात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत होता. तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही काय करता, असा टोमणा त्याला ऐकावा लागला. त्याने वाद थांबवला आणि काही मित्रांसह गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. त्यातून सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्था निघाली आणि त्याच शतकात मुंबईच्या पॅरिशांतही पोचली. तिची पद्धत पाहण्यासारखी आहे. लहान गट, प्रार्थना, थोडे वाचन, मग मागच्या आठवड्यात कोणत्या घरी गेलो आणि काय केले याचा अहवाल, आणि शेवटी कोणी किती टाकले हे न दिसेल अशी झोळी. विसाव्या शतकात बेल्जियमचे पाद्री जोसेफ कार्डाइन यांनी तरुण कामगारांच्या गटांना ‘पाहा, पारखा, करा’ ही तीन पावले दिली. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पावले सगळ्या चर्चसाठी मान्य केली. पाहायचे म्हणजे कारखान्यात, घरात, गल्लीत प्रत्यक्ष काय चालले आहे ते. पारखायचे शुभवर्तमानाच्या कसोटीवर. आणि उठण्यापूर्वी काहीतरी करायचे ठरवायचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर या सगळ्या धाग्यांची एकच दोरी वळली गेली. उपासना लोकांच्या भाषेत आली, त्यामुळे वचनावर बोलणेही घरच्या भाषेत शक्य झाले. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेदेयीन इथे लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी गरिबांच्या लहान समुदायांना चर्चचा पाया म्हटले. १९७०च्या दशकात पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी असे समुदाय बांधणे हे आपले मुख्य काम ठरवले. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने शुभवर्तमान वाटून घेण्याच्या सात पायऱ्यांची पद्धत तयार केली. मुंबई आर्चडायोसिझमध्ये १९८०च्या दशकात, कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्या कारकिर्दीत, साहाय्यक बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने लहान ख्रिस्ती समुदायांची चळवळ उभी राहिली. १९९० मध्ये बांडुंग इथे आशियाच्या बिशपांनी ‘समुदायांचा समुदाय’ हेच चर्चचे चित्र पुढे ठेवले तेव्हा मुंबईत काम सुरू झालेले होते. पॅरिशचे भाग, म्हणजे झोन, पाडायचे, प्रत्येक भागात जवळजवळ राहणाऱ्या काही दहा घरांचा एक समुदाय करायचा, पाळीपाळीने एकेका घरी बसायचे. मुंबईचे कॅथलिक त्याला मराठी बोलतानाही ‘एससीसी’च म्हणतात आणि बैठक चालवणारा असतो ‘ॲनिमेटर’.

सात पायऱ्यांत पहिल्या पाच वाचनाच्या आणि ऐकण्याच्या आहेत. प्रभूला बोलवायचे, उतारा वाचायचा, मनात राहिलेला शब्द किंवा ओळ मोठ्याने पुन्हा म्हणायची, गप्प बसायचे, मग मनाला काय भिडले ते सांगायचे. पाचव्या पायरीवर एक कडक शिस्त आहे. उपदेश करायचा नाही, दुसऱ्याचे खोडायचे नाही, ‘आपण’ न म्हणता ‘मी’ म्हणायचे. चौपाटीवरच्या वादाचे सगळे नियम इथे उलटे केले आहेत. सहावी पायरी कामाची, की या गल्लीत, या इमारतीत, या आठवड्यात आपल्याला काय करायला सांगितले जात आहे. सातवी प्रार्थनेची. माझ्या मते पद्धतीचा सगळा जीव सहाव्या पायरीत आहे. ठरणारी कामे लहान असतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याकडे कोणी बसायचे, दवाखान्यात बरोबर कोणी जायचे, नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाच्या दारात आधी कोणी जायचे, अबोला धरलेल्या दोन भावांशी कोणी बोलायचे. पण ‘कोणी’ या प्रश्नाला नाव मिळते, आणि पुढच्या बैठकीत ते नाव घेतलेला माणूस समोरच बसलेला असतो. ही गोष्ट शेजाराशिवाय चालत नाही. मालाडचा माणूस गिरगावच्या म्हाताऱ्याचे औषध रोज आणू शकत नाही.

यावर सांगितले जाते की ही योजना वरून आली. बिशपांनी ठरवले, पाद्र्यांनी नकाशे काढले, लोकांना बसवले गेले. कित्येक ठिकाणी समुदाय पॅरिशचे निरोप पोचवणारी, वर्गणी गोळा करणारी शाखा होऊन बसला, हेही खरे आहे. पण योजना वरून आली तरी ती कुठे रुजली, हे वेगळे पाहायला हवे. जिथे माणसे आधीपासून पाद्र्याविना जमत होती, जिथे क्रुसासमोर म्हणवून घेणारी बाई आधीच होती, तिथे नव्याने शिकवायचे ते एवढेच होते, की ठरलेल्या शब्दांनंतर थोडे आपले शब्दही बोलायचे. वाडी आणि गावठाणे यांनी ही योजना उसनी घेतली नाही, आपल्या जुन्या सवयीत मुरवून घेतली. नकाशावर आखलेला झोन आणि गल्लीने आखलेला झोन जिथे एकच होता तिथे पाद्र्याला ढकलावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून वाडीचे कौतुक करणे अप्रामाणिकपणा होईल. वाडी म्हणजे एकजिनसी वस्ती. ईस्ट इंडियनांमध्ये कोळी, भंडारी, कुणबी, सामवेदी अशा जुन्या जातींच्या खुणा बाप्तिस्म्यानंतरही राहिल्या. गोव्याच्या कॉन्फ्रारियांत, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांत, जातींवरून मानापमानाची भांडणे झाली. कूड तर एका गावाची आणि अनेकदा गावातल्या एका वाड्याची. शेजार म्हणजे सोयरेच असतील, तर शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे आपल्याच माणसांवर प्रीती करणे झाले. त्यात शुभवर्तमान कुठे आले? चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यातला शेजारी तर नेमका परका आहे. जुन्या वाडीबद्दल हा आरोप खरा आहे, पण आजच्या गिरगावाबद्दल तो उरलेला नाही. वाडीच्या आत आणि भोवती आज ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळूरकर, दक्षिणेकडून आलेले ख्रिस्ती आणि त्याहून कितीतरी जास्त हिंदू कुटुंबे आहेत. अनंताश्रम या खाणावळीतल्या मासळीच्या जेवणासाठी सगळी मुंबई ज्या वाडीत वाट काढत येत असे, ती एका जातीची बंद पेटी राहूच शकत नव्हती. भूभागावर आधारलेल्या समुदायाचा नियम असा की भागात जो राहतो तो आपला. कॉन्फ्रारिया जात विचारू शकत होती, झोन विचारू शकत नाही. आशियाच्या बिशपांच्या परिषदेने ख्रिस्ती समुदायांच्या पुढे जाऊन सर्वधर्मीय शेजाऱ्यांच्या मानवी समुदायांची भाषा केली, ती याच नियमाची पुढची पायरी होती. टिळकांनी दरबारात जे शोधले ते अशा गल्लीत, निराळ्या नावाने, सापडण्याची शक्यता अधिक आहे.

अशी जवळीक जाचही करते, हेही मान्य केले पाहिजे. ज्या ओट्यावरून आजारी माणूस दिसतो त्याच ओट्यावरून दुसऱ्याची मुलगी किती वाजता घरी आली तेही दिसते. मनातले बोलायला बसलेल्या दहा जणांपैकी एकाने बाहेर काही सांगितले तर पुढच्या वेळी सगळे हवापाण्यावर बोलतात. म्हणूनच ‘मी’ने बोलण्याची आणि न खोडण्याची शिस्त शोभेची मानता येत नाही. वाडीला तिची शहराहून जास्त गरज होती. लादीनला ही शिस्त लागली नाही, कारण तिथे कोणी आपले काही सांगतच नव्हते. बोलण्याची रीत बाहेरून यावी लागली म्हणतो ती या अर्थाने.

हा युक्तिवाद मान्य केला तर रोममध्ये अलीकडे जे घडले त्याकडेही निराळ्या नजरेने पाहता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सिनॉडमध्ये कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी आणि सामान्य स्त्री-पुरुष ओळीने लावलेल्या आसनांऐवजी गोल टेबलांभोवती बसले. प्रत्येकाने ठरावीक वेळ बोलायचे, मग सर्वांनी गप्प राहायचे, मग ऐकलेल्यावर बोलायचे, अशी रीत होती. जगभर ती नवी म्हणून गाजली. मुंबईतल्या एखाद्या झोनमध्ये ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे दर महिन्याला असे वर्तुळ बसवले आहे, तिला तीत नवे काही वाटले नसावे.

खोताच्या वाडीत एकेकाळी साठ-पासष्ट जुनी घरे होती. आज तिशीच्या आत उरली आहेत. एक घर पडते तेव्हा वारसा जपणारे त्याच्या कठड्याचा, नक्षीचा, जिन्याचा हिशेब मांडतात आणि तो मांडायलाच हवा. त्या घराबरोबर गल्लीवर उघडणारा ओटाही जातो, आणि त्याच्या जागी येणाऱ्या उंच इमारतीत दार लिफ्टसमोर उघडते, शेजारी दिसतो तो लिफ्टच्या आरशात. समुदाय अशा इमारतीतही बसवता येतात. उपनगरांतल्या पॅरिशांनी ते करून दाखवले आहे. पण तिथे वर्तुळ प्रत्येक वेळी नव्याने बोलवावे लागते. वाडीत ते आधीच बसलेले असे. म्हणून वाडीच्या जतनाचे आराखडे करणाऱ्यांना आणि तिथल्या घरमालकांना एक विनंती आहे. दर्शनी भाग वाचवताना ओटे बंद करू नका, त्यांना काचा लावू नका, आणि क्रुसासमोरची मोकळी जागा गाड्या उभ्या करायला देऊ नका. संध्याकाळी तिथे पंधरा माणसे बसू शकली पाहिजेत.